कर्जबाजारीपणा, मुंबईतील गिरणी कामगारांचा

मुंबईच्या सूत व कापड गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांवर असलेल्या खासगी ऋणाची दीर्घकालीन स्थिती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून १९८२ च्या संपानंतर हा उद्योग मोडकळीस येईपर्यंत सव्वाशे वर्षे कामगाराच्या जीवनात काम आणि कर्ज या दोन गोष्टी परस्परांत गुंतलेल्या होत्या. लग्नकार्यातील उधळपट्टी, व्यसने व निरक्षरता ही या कर्जाची कारणे होत, असे आरंभीच्या काळात सर्रास मानले जाई. ही कारणे अगदीच निराधार नव्हती. तथापि रोज खावे लागणारे अन्न आणि अनियमितपणे व उशिरा हाती पडणारे वेतन यांतील अंतर हेच या ऋणाचे मूळ होते, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते. व्याजाला आळा घालणाऱ्या उपायांना मर्यादित यश आले आणि कामाला स्थैर्य देणारे उपाय अधिक फलदायी ठरले, याचे कारणही त्यातच सापडते.

पार्श्वभूमी : गिरण्यांतील बहुसंख्य कामगार कोकणातून, विशेषतः त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच सातारा, पुणे, अहमदनगर, कोल्हापूर या भागांतून आलेले असत. कोकणात जमिनीचे तुकडे लहान होते आणि खोती पद्धतीमुळे कुळाच्या हाती उत्पन्नाचा अल्प भागच राही. देशावर अवर्षण व सावकारी यांनी शेतकरी गांजला होता. तेथील असंतोषाचा स्फोट १८७५ च्या दंगलींत झाला आणि त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करण्यात आला. गावाकडील देणे फेडण्यासाठी किंवा घरपट्टी, शेतसारा व खंड भरण्यापुरते रोख पैसे मिळविण्यासाठी घरातील एखादा पुरुष मुंबईस येई. त्यामुळे शहरातील पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच त्यावर गावाचा हक्क लागलेला असे. कुटुंब गावी आणि कमावता शहरात अशी विभागणी झाल्याने खर्चाच्या दोन चुली पेटत. दरमहा गावी मनीऑर्डर पाठविणे हे कामगाराच्या प्रतिष्ठेचे आणि गावातील जमिनीवरचा आपला वाटा टिकविण्याचेही साधन होते. शेतकऱ्याला १८७९ पासून कायद्याचे काही संरक्षण लाभले. त्याच शेतकऱ्याचा मुलगा गिरणीत आल्यावर मात्र पुढील अर्धशतकाहून अधिक काळ अशा संरक्षणास पारखा राहिला.

वेतनाची पद्धत : मुंबईच्या गिरण्यांत वेतन महिन्याच्या हिशेबाने देत, परंतु ते महिना संपताच मिळत नसे. चालू महिन्याच्या कामाचे पैसे पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास वाटले जात. आरंभीच्या काळात याहूनही विलंब होई. महिन्याच्या पहिल्या तारखेस कामास लागलेल्या नव्या कामगाराला अशा रीतीने सुमारे दीड महिना वेतनाविना काढावा लागे. या अवधीतील खोलीभाडे, खानावळीचे पैसे व वाण्याचे सामान ही सर्व उधारीवरच चालत. कामगार म्हणून त्याची पहिली कमाई कर्ज हीच असे. पुढे या उधारीची फेड करण्यात पहिला पगार संपून जाई आणि दुसऱ्या महिन्यासाठी पुन्हा उधारी करावी लागे. याखेरीज कामातील दोषाबद्दल दंड, बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत कापून घेणे, काही ठिकाणी एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापणे, अशा प्रथाही होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार करण्यात आले. त्यात साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांच्या जोडीला, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, अशी मागणी होती. एवढ्या किमान गोष्टीसाठी निवेदन द्यावे लागावे, यावरून प्रत्यक्ष परिस्थितीची कल्पना येते.

बदली पद्धत : वेतनाच्या विलंबापेक्षाही कामाची अनिश्चितता अधिक जाचक होती. कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो कामगार घेत, त्यास ‘बदली’ म्हणत. बदली कामगार पहाटे गिरणीच्या दरवाज्याशी जमत. जागा रिकामी असल्यास त्यांतील काहींना आत घेत. उरलेले दुसऱ्या गिरणीच्या दरवाज्याकडे वळत किंवा खोलीवर परतत. शेतीच्या हंगामात व लग्नसराईत कायम कामगार गावी गेले की बदलीला काम बरे मिळे. एरवी महिन्यातील किती दिवस भरतील याचा नेम नसे. मालकांच्या दृष्टीने अशी राखीव फौज सोयीची होती. बाजारातील तेजीमंदीप्रमाणे माणसे कमीअधिक करता येत आणि पडून राहिलेल्या दिवसांचा भार गिरणीवर पडत नसे. हा भार अर्थातच नाहीसा होत नसे; तो कामगाराच्या उधारीच्या वहीत नोंदला जाई.

या व्यवस्थेची किल्ली मुकादमाच्या किंवा जॉबरच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. कोणास घ्यावयाचे, कोणास परत पाठवावयाचे व कोणास कायम करावयाचे हे पुष्कळ अंशी मुकादम ठरवी. त्याबद्दल तो दस्तुरी घेई, म्हणजे काम मिळविण्यासाठीच प्रथम कर्ज काढावे लागे. अनेक मुकादम स्वतः व्याजाने पैसे देत अथवा सावकारास जामीन राहत. आपल्या ऋणकोला काम मिळत राहावे, यात त्यांचा स्वार्थ होता आणि मुकादमाचे देणे थकू न देणे यात कामगाराचा. कर्ज हे अशा रीतीने अनिश्चित कामाचा परिणाम होते, तसेच काम टिकविण्याचे एक साधनही होते. काम नाही म्हणून कर्ज आणि कर्ज आहे म्हणून मुकादमाची मर्जी राखणे, या फेऱ्यातून सुटका अवघड होती.

कर्जाची साधने : कामगारास कर्ज देणारे अनेक होते व त्यांच्या देण्याघेण्याच्या रीतीही भिन्न होत्या. सर्वांत जवळचा धनको म्हणजे चाळीखालचा वाणी. तो वहीवर सामान देई. व्याज वेगळे न लावता ते मालाच्या चढ्या दरात व हलक्या प्रतीत वसूल होई. खानावळ चालविणाऱ्या स्त्रिया एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिनाभर जेवू घालीत व पगाराच्या दिवशी पैसे घेत. त्यांचे सामान वाण्याकडून उधारीने येत असल्यामुळे कामगाराचा पगार थकला की खानावळवालीही कर्जात बुडे. मारवाडी सावकार दागिने किंवा भांडी गहाण ठेवून घेत. ज्याच्यापाशी गहाण ठेवण्याजोगे काही नसे, त्याला पठाण सावकाराकडे जावे लागे. तो तारणावाचून तत्काळ रक्कम देई. त्याची वसुली मात्र कोर्टात न होता पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाज्यावर होई. त्याच्या हातातील काठी हीच त्याची हमी होती.

यांखेरीज परस्पर साहाय्याचीही काही साधने होती. एकाच गावच्या कामगारांची मंडळे भाड्याने खोल्या घेऊन बेकार गाववाल्यांना आसरा देत आणि वर्गणीतून आजारपण, मृत्यू, गावी परतण्याचा खर्च अशा प्रसंगी मदत करीत. ठरावीक सभासदांनी दरमहा पैसे जमवून पाळीपाळीने एकेकाने ती रक्कम उचलावयाची, अशी भिशीची प्रथाही रूढ होती. नातलगांकडील हातउसने पैसे बहुधा बिनव्याजी असत. परंतु ही सर्व साधने समान परिस्थितीतील माणसांवर आधारलेली असल्यामुळे सर्वांवर एकदम आपत्ती आली की ती अपुरी पडत.

पाहण्या व त्यांचे निष्कर्ष : या प्रश्नाची आकडेवारी १९२१ साली मुंबई सरकारचे कामगार कार्यालय स्थापन झाल्यानंतर मिळू लागली. जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली झालेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहणीत कामगार कुटुंबांपैकी ४७ टक्के कर्जबाजारी आढळली व त्यांचे ऋण सुमारे अडीच महिन्यांच्या प्राप्तीइतके होते. याच पाहणीत ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे दिसून आले. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील मजूर व त्यांची घरे यांविषयीच्या ग्रंथातही (१९२५) कामगारांच्या राहणीचे तपशीलवार वर्णन आहे. हिंदुस्थानातील मजुरांसंबंधीच्या शाही आयोगाने, म्हणजेच व्हिटली आयोगाने, १९३१ च्या आपल्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांतील किमान दोन तृतीयांश कुटुंबे वा व्यक्ती कर्जात असल्याचा अंदाज दिला. त्यांतील बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक होते. कामगार पुढारी ना. म. जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते.

व्याजाचा प्रचलित दर रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे सरळव्याजाने दरसाल ७५ टक्के होता; याहून कितीतरी चढे दरही आकारले जात. याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर रुपयांच्या कर्जावर दरमहा शंभर आणे, म्हणजे सहा रुपये चार आणे व्याज होई. १९२१–२२ च्या पाहणीनुसार कामगार कुटुंबाची मासिक प्राप्ती सरासरीने सुमारे ५२ रुपये होती. तीतील जवळजवळ आठवा हिस्सा केवळ व्याजात जाई आणि मुद्दल जसेच्या तसे राही. सोळा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरूनही ऋणको मूळच्याच जागी असे. कर्जरोखा बहुधा अंगठ्याच्या ठशाचा असे आणि निरक्षर ऋणकोला त्यातील आकडा पडताळून पाहता येत नसे.

लग्ने, बारसे, उत्तरकार्य यांसाठी काढलेली कर्जे अनेक पाहण्यांत ठळकपणे नोंदलेली आढळतात. तथापि त्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात घेणे जरूर आहे. लग्नाचे कर्ज एकरकमी, म्हणून स्मरणात राहणारे असते. वाण्याकडील उधारी रोजच्या पै-पैशांत साठते आणि तिचे कारण सांगता येत नाही. शिवाय नियमित प्राप्ती असलेला माणूस लग्नाचे कर्ज काही वर्षांत फेडू शकतो. बदलीच्या बाबतीत मात्र एका मंदीने किंवा एका आजाराने हप्ता चुकताच व्याज मुद्दलाहून वाढे. राजनारायण चंदावरकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईच्या कामगारवर्गाविषयीच्या ग्रंथात (१९९४) गावाशी असलेले नाते व वस्तीतील उधारीचे संबंध हे अनिश्चित रोजगाराला तोंड देण्याचे कामगारांचे मार्ग होते, असे प्रतिपादन केले आहे. त्या दृष्टीने पाहता कर्ज काढणे हा अविचार नव्हे, तर दुसरा विमा उपलब्ध नसलेल्या माणसाने भरलेला महागडा हप्ता ठरतो.

संप व उधारी : गिरणी कामगारांचे दीर्घ संप ज्या आधारावर चालले, त्यांतही उधारीला महत्त्वाचे स्थान आहे. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध झालेला संप आणि एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळातील सुमारे दीड लाख कामगारांचा सार्वत्रिक संप हे कित्येक महिने टिकले. संपसमितीने केलेले धान्यवाटप, गावी निघून गेलेले हजारो कामगार आणि जुने येणे बुडू नये म्हणून उधारी चालू ठेवणारे वाणी व खानावळवाल्या यांच्या बळावर हे शक्य झाले. संप मिटल्यावर हे सर्व देणे फेडावे लागे. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत हिंदू व पठाण यांच्यात दंगली उसळल्या व त्यांत शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. मुले पळविल्याच्या खोट्या अफवा व संप फोडण्यासाठी पठाणांचा झालेला वापर ही त्यांची निकटची कारणे होत. सावकारी वसुलीमुळे साचलेला रोषही या दंगलींच्या पाठीशी होता. या रोषाची झळ सावकारीशी संबंध नसलेल्या गरीब पठाण मजुरांनाही पोहोचली.

कायदेशीर उपाय : गिरणीच्या आवारास वेढा देऊन कर्जवसुली करणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, कामगाराच्या पगारावर जप्ती येऊ नये व प्रामाणिक ऋणकोस तुरुंगात टाकू नये, अशा शिफारशी व्हिटली आयोगाने केल्या. त्यांनुसार बंगाल प्रांताने १९३४ मध्ये, तर मध्य प्रांताने १९३७ मध्ये कामगार-ऋणकोंच्या संरक्षणासाठी कायदे केले. १९३६ व १९३७ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्त्या होऊन अटक व पगारावरील जप्ती यांवर मर्यादा आल्या. मुंबई प्रांतात १९४६ साली सावकारांचा कायदा संमत झाला. त्यान्वये सावकारास परवाना घेणे, हिशेब ठेवणे व ऋणकोस त्याची प्रत देणे बंधनकारक झाले, ऋणकोस त्रास देणे शिक्षापात्र ठरले आणि मुद्दलाहून अधिक व्याज देवविता येऊ नये, या दामदुपटीच्या जुन्या तत्त्वास स्थान मिळाले. २०१४ मध्ये महाराष्ट्रात नवा कायदा होईपर्यंत तो अमलात होता. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ऋणमुक्तीचा कायदा करून अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर व शेतमजूर यांच्याबरोबर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कामगारांचीही खासगी सावकारांकडील कर्जे रद्द केली आणि गहाण वस्तू परत करण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा कायदा वैध ठरविला.

या कायद्यांनी सावकाराचा अंमल सैल झाला, तरी कर्जाची गरज कायम राहिली. परवाना नसलेला सावकार कोर्टात जातच नसल्याने कायदा त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. ज्याला उद्या पुन्हा त्याच माणसाकडे हात पसरावयाचा आहे, तो ऋणको तक्रार करण्यास धजत नसे. सोशल सर्व्हिस लीगसारख्या (१९११) संस्थांनी व नंतर अनेक गिरण्यांतील कामगारांनी सहकारी पतपेढ्या काढल्या. त्यांचा व्याजदर माफक होता व हप्ता पगारातून कापला जाई. परंतु त्यांचे सभासदत्व कायम नोकरी व जामीन यांवर अवलंबून असल्यामुळे ज्याला कर्जाची निकड अधिक, तो बदली कामगार बहुधा त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

कामाच्या स्थैर्याचे उपाय : याउलट वेतन व काम यांच्या नियमनाने कर्जाच्या मुळाशी हात घातला. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत वेतनाची मुदत संपल्यापासून सात दिवसांत व इतरत्र दहा दिवसांत वेतन देणे सक्तीचे केले आणि दंडावर मर्यादा घातली. गिरणीमालकांच्या संघाने १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. पुढे १९४९-५० मध्ये शासनाच्या पुढाकाराने कापड उद्योगातील नैमित्तिक कामगारांच्या नोंदणीची योजना अमलात आली. त्यामुळे मुकादमाच्या मर्जीचे महत्त्व कमी झाले. औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने वेतनश्रेणींचे प्रमाणीकरण होऊन किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले व त्यावर महागाई भत्ता मिळू लागला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा (१९५२) व मुंबईत १९५४ पासून लागू झालेली राज्य कामगार विमा योजना यांमुळे वार्धक्य व आजारपण यांसाठी काही तजवीज झाली. कायम कामगाराच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. त्याला पतपेढीतून कर्ज मिळे, निधीतून उचल मिळे आणि वाणीही त्याच्या नोकरीकडे पाहून निर्धास्तपणे उधारी देई. बदलीचा प्रश्न मात्र सुटला नाही. वर्षानुवर्षे बदली म्हणून काढलेल्या कामगारांना कायम करावे, ही मागणी १९८२ च्या संपाच्या वेळीही पुढे होती.

खानावळींच्या बाबतीत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे कार्य उल्लेखनीय आहे. यांत्रिकीकरणामुळे गिरण्यांतील स्त्रियांच्या जागा घटत गेल्या होत्या आणि अनेक स्त्रियांना खानावळीचाच आधार उरला होता. मंडळाने त्यांना गटागटाने राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्जे मिळवून दिली व वाणी-सावकाराच्या उधारीतून सोडविले. तारणाऐवजी गटाची परस्पर हमी हे तत्त्व भिशीच्या जुन्या परंपरेशी जुळणारे होते.

१९८२ चा संप व नंतर : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. आरंभी पूर्वीच्याच रीतीने गाव, वाणी व खानावळ यांचा आधार मिळाला. परंतु वर्ष उलटल्यावर उधारीची ही साखळी तुटली. संप मिटेल व थकलेले येणे वसूल होईल, या भरवशावर ती उभी होती. तो भरवसाच नाहीसा झाला. दागिने, भांडी व प्रसंगी राहती खोली विकून कामगारांनी देणी भागविली. कित्येक जण गावी परतले. काहींनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कमी वेतनात काम धरले. कोणी भाजीविक्री, कोणी हमाली पत्करली. १९८३ मध्ये १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले, तरी पूर्वीचा रोजगार परत आला नाही. कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला एच्. फान वेर्श यांचा ग्रंथ (१९९२) व नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास (२००४) यांत या काळाची साक्ष जतन झाली आहे. जयंत पवार यांच्या अधांतर (१९९७) या नाटकात संपानंतर विस्कटलेल्या गिरणी कामगार कुटुंबाचे चित्रण आढळते.

मूल्यमापन : मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ऋणाचा इतिहास हा सावकारीच्या इतिहासाचा केवळ एक अध्याय नव्हे, तो रोजगाराच्या स्वरूपाचाही इतिहास आहे. धंद्यातील चढउतारांची जोखीम मालकाने न पत्करता कामगारावर टाकली आणि कामगाराने ती वाणी, खानावळ, गाव व सावकार यांत वाटून घेतली. या वाटणीची किंमत व्याजाच्या रूपाने त्यालाच मोजावी लागली. व्याजाचा दर कायद्याने खाली आणता येतो. परंतु महिन्यातील किती दिवस काम मिळेल, हे माहीत नसलेल्या माणसाला स्वस्त कर्जही फेडता येत नाही. गिरण्या गेल्यावर मुंबईतील श्रमिकांचा मोठा भाग कंत्राटी, रोजंदारी व असंघटित कामांकडे वळला. पहाटे दरवाज्याशी उभा राहणारा बदली कामगार आता तेथे दिसत नसला, तरी त्याच्या कर्जाला कारण झालेली अनिश्चितता त्या कामांतून पुढे चालू राहिली आहे.